परगावचा रविवार : मराठी ख्रिस्ती प्रवासी आणि उपासनेतील उपस्थिती

ख्रिस्ती धर्मात रविवारच्या उपासनेस उपस्थित राहणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य मानलेले आहे. परंतु हे कर्तव्य ज्या शब्दांत सांगितले जाते, ते शब्द बहुधा घरी असलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून योजलेले असतात. माणूस परगावी गेला म्हणजे त्याच शब्दांचे अर्थ डळमळू लागतात. ‘आपले’ चर्च मागे राहिलेले असते, समोरचे चर्च त्याला ‘आपला’ म्हणेलच असे नसते, आणि रविवार मात्र ठरल्या दिवशी येतोच. मराठीभाषक ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात हा प्रश्न तपासला असता असे दिसते, की प्रवाशाची उपस्थिती ही त्याच्या निष्ठेइतकीच, किंबहुना कित्येकदा निष्ठेहून अधिक, परगावच्या उपासनेत त्याला ओळखीचे काय सापडते ह्यावर अवलंबून राहिली आहे. हे ओळखीचे कधी एखादे पत्र होते, कधी एखादी भाषा, तर कधी नुसती गाण्याची चाल.

इतर धर्मांशी तुलना केल्यास ख्रिस्ती प्रवाशाची अडचण स्पष्ट होते. हिंदू धर्मशास्त्राने प्रवासातील आचाराला मोठी सवलत दिली आहे. इस्लाममध्ये मुसाफिराला चार रकातींची नमाज दोन रकातींवर आणता येते. वारकऱ्याचा तर प्रवास हीच उपासना. ख्रिस्ती उपासनेला असे आखडते घेणे कठीण, कारण ती मुळात एकत्र जमण्याची क्रिया आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोम येथे राहणाऱ्या जस्टिन ह्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे जे वर्णन केले आहे, त्यात शहरातील व खेड्यांतील सर्वजण एका ठिकाणी जमत, असा स्पष्ट उल्लेख आहे. जे येऊ शकत नसत त्यांच्याकडे मंडळीचे सेवक प्रसादाचा वाटा पोचवीत. म्हणजे गैरहजर मनुष्यही त्या सभेचाच घटक होता. पण तो हाकेच्या अंतरावर असावयास हवा. दूर देशी गेलेल्याकडे वाटा कसा पोचावा, ह्याचे उत्तर त्या वर्णनात नाही.

उत्तर दुसऱ्या बाजूने आले. घरच्या मंडळीने वाटा पाठवावयाचा नाही, तर परगावच्या मंडळीने आलेल्यास सामावून घ्यावयाचे. ‘दिदाखे’ ह्या अतिप्राचीन ग्रीक आचारग्रंथात वाटसरूला किती दिवस ठेवून घ्यावे ह्याचे नियम आहेत. प्रभूच्या नावाने येणाऱ्याचे स्वागत करावे. तो वाटसरू असेल तर दोन, फार तर तीन दिवस ठेवावा. आणि त्याला तेथेच राहावयाचे असेल तर त्याने काम करून पोट भरावे. आपल्याकडील ‘अतिथि’ शब्दाची जी परंपरागत व्युत्पत्ती मनुस्मृतीत दिली आहे, तीही मुक्काम अल्प असण्यावरच बेतलेली आहे, हे येथे सहज आठवते. पाहुणचाराला मुदत असते. मुदतीनंतर पाहुण्याने एकतर निघावे किंवा घरचा व्हावे. ख्रिस्ती मंडळ्यांत ‘घरचा’ होण्याचे साधन म्हणजे पत्र. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी नामक स्त्रीची शिफारस आहे. करिंथजवळच्या बंदरातील मंडळीची ही सेविका प्रवासास निघाली होती. पुढे इ. स. ४५१ च्या कॅल्सेडॉनच्या धर्मसभेने ह्या पत्रांचे प्रकार निश्चित केले : गरीब व गरजू प्रवाशांना ‘शांतिपत्र’ द्यावे, ‘शिफारसपत्र’ मात्र सरसकट देऊ नये. परक्या गावी उपासना चालविणाऱ्या धर्माधिकाऱ्याला तर स्वतःच्या बिशपचे शिफारसपत्र अनिवार्य करण्यात आले.

ह्या जुन्या नियमांत एक बारीक गोष्ट आहे. स्पेनमधील एल्विरा येथे सुमारे इ. स. ३०५ मध्ये भरलेल्या सभेने तीन रविवार चर्चला न येणाऱ्यास काही काळ बाहेर ठेवण्याची शिक्षा सांगितली. पण ती ‘शहरात असणाऱ्या’ मनुष्याला. प्रवासी त्या वाक्यातून आपोआपच वगळला गेला. सवलत देण्याची ही रीत मोठी मार्मिक आहे. नियमाला अपवाद जोडलेला नाही. नियमाचा कर्ताच असा निवडला आहे की अपवाद सांगण्याची गरज पडू नये.

आता शब्दांकडे वळावे. इंग्रजी ‘पॅरिश’ आणि पोर्तुगीज ‘पारोकिया’ हे दोन्ही शब्द ग्रीक ‘पारोइकिया’पासून आलेले आहेत. ‘पारा’ म्हणजे जवळ, ‘ओइकोस’ म्हणजे घर. दुसऱ्याच्या घराजवळ उपरा म्हणून केलेली वस्ती, हा त्याचा मूळ अर्थ. पृथ्वीवरील सर्व ख्रिस्ती जन हे प्रवासीच, ह्या कल्पनेतून तो शब्द स्थानिक मंडळीला लागला आणि कालांतराने त्याचा अर्थ नेमका उलटला. सीमा आखलेल्या, नोंदवह्या ठेवणाऱ्या, कायम रहिवाशांच्या घटकाला उपऱ्याच्या वस्तीचे नाव पडले. वसईकडील मराठी कॅथलिकांनी ह्या अर्थी ‘धर्मग्राम’ हा शब्द रूढ केला. त्यात प्रवासाचा मागमूसही नाही. ग्राम म्हटले की वेस आली. प्रोटेस्टंट मराठीत रूढ झालेला ‘मंडळी’ हा शब्द ह्याहून वेगळा. तो ना इमारतीचा वाचक, ना प्रदेशाचा. तो माणसांचा वाचक आहे. ‘नागपूरची मंडळी’ म्हटल्याने नागपुरातील माणसे समजतात, आणि माणसे म्हटली की त्यांच्यात ओळख लागते. धर्मग्रामात शिरलेला प्रवासी तेथे फक्त नवा असतो. मंडळीत शिरलेला प्रवासी अनोळखी असतो. हा फरक व्यवहारातही उतरलेला आहे.

क्रियापदे तर अधिकच बोलकी आहेत. जुन्या पिढीतील कॅथलिक ‘मिस्सा ऐकली’ असे म्हणत; पोर्तुगीजातही मिस्सा ‘ऐकण्याचीच’ वस्तू आहे आणि लॅटिनातही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधानात रविवारच्या कर्तव्यासाठी ‘आउदिरे’, म्हणजे ऐकणे, हेच क्रियापद योजलेले होते. १९८३ च्या नव्या विधानात ते जाऊन त्या जागी ‘पार्तिचिपारे’, म्हणजे सहभागी होणे, हे आले. परंतु कर्तव्य कशाने फिटते हे सांगताना तेच विधान ‘अस्सिस्तेरे’ असे तिसरे क्रियापद वापरते, आणि त्याचा धात्वर्थ ‘जवळ उभे राहणे’ असा आहे. म्हणजे सहभागी होण्याची अपेक्षा आणि जवळ असण्याची पूर्तता. आपला ‘उपासना’ शब्दही ‘उप’ व ‘आस्’ ह्यांपासून, जवळ बसणे ह्या अर्थाने, सिद्ध झालेला आहे. तेव्हा ग्रीक घराजवळ राहतो, लॅटिन जवळ उभा राहतो आणि संस्कृत जवळ बसतो, असे गमतीने म्हणता येईल. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र हा भेद गमतीचा नाही. नुसते जवळ असणे कोणत्याही गावी साधते. सहभागी होण्यास भाषा लागते.

कॅथलिक विधानाने प्रवाशाची इतर सोय बरीच केली आहे. कर्तव्य स्वतःच्याच धर्मग्रामात पार पाडले पाहिजे असे बंधन नाही. कोणत्याही कॅथलिक विधीनुसार, कोठेही झालेली मिस्सा चालते. रविवारी किंवा आदल्या सायंकाळी उपस्थित राहिले तरी भागते. शनिवारच्या सायंकाळची ही सवलत १९६० च्या दशकात अनेक ठिकाणी मिळू लागली व १९८३ मध्ये सर्वत्र कायम झाली; रविवारी सकाळची गाडी गाठावयाची असणाऱ्यांस तिचा उपयोग उघड आहे. पुरोहित नसेल किंवा गंभीर कारणाने जाणे अशक्य असेल, तर पवित्र वचनाच्या उपासनेत भाग घ्यावा अथवा एकट्याने वा कुटुंबासह काही वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी शिफारस आहे. विदर्भात ‘कोणत्याही कॅथलिक विधी’चा प्रत्यय प्रवाशाला सहज येतो. १९६२ मध्ये नागपूर महाधर्मप्रांतापासून चांदा भाग वेगळा काढून तो केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आला व १९७७ मध्ये तेथे त्या परंपरेचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वसईचा मनुष्य चंद्रपूर किंवा बल्लारपूर येथे गेला, तर त्याला मिस्सेऐवजी ‘कुर्बाना’ भेटतो. क्रम निराळा, गाणी निराळी, मूळची पूजाभाषा लॅटिन नसून सिरियाक. तरी त्याचे रविवारचे कर्तव्य तेथे पूर्णपणे फिटते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत असे लेखी विधान नव्हते. तेथे चालत ती नोंदवही आणि पत्र. एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरावयाचे नाही असा समजुतीचा व्यवहार पाळला. परिणामी मराठी मुलूख पंथवार वाटला गेला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे ठाणे. नागपूर १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आले तेव्हापासून स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियनांचे. मधला वऱ्हाड पुष्कळसा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे आणि यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे. नगरचा एखादा शिक्षक मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा आगगाडीने नागपूरला निघाला, तर दीड-दोन दिवसांच्या त्या वाटेवर त्याचा पंथ तीनदा बदलावयाचा, भाषा मात्र मराठीच. भुसावळला रेल्वेच्या वसाहतीतील चर्चमध्ये तर पंथही परका आणि भाषाही इंग्रजी. वऱ्हाडात पूर्ण बुडवून दिलेला, जाणत्या वयात घेतलेला बाप्तिस्मा हाच खरा, असे मानणाऱ्यांपुढे लहानपणी शिंपडण्याने झालेला त्याचा बाप्तिस्मा अपुरा ठरावयाचा. उपासनेत बसावयास कोणी मना करीत नसे. अडचण येई ती प्रभुभोजनाच्या वेळी. सर्वांबरोबर गाणी म्हणून झाल्यावर नेमक्या त्या क्षणी मागे बसून राहणे, हा अनुभव ज्याने घेतला असेल त्याला पुढच्या रविवारी न जाण्याचे कारण निराळे शोधावे लागत नाही. प्रवाशांच्या गैरहजेरीबद्दल उपदेशकांनी जेवढे लिहिले, त्या मानाने ह्या मागे बसण्याबद्दल फारच थोडे लिहिले गेले.

नागपूरची स्थिती आणखी गुंतागुंतीची होती. हे शहर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई ह्या दोन लोहमार्गांचे छेदनस्थान, आणि मराठी व हिंदी ह्यांच्या सीमेवरचे. जवळच कामठी येथे १८२१ पासून छावणी होती व तेथे मद्रासच्या लष्करातील पलटणी असत. त्यांच्याबरोबर तमिळ व तेलुगू बोलणारे ख्रिस्तीही आले. म्हणजे परगावच्या माणसाची उपासना हा प्रश्न येथे मंडळी स्थापन होण्याच्या आधीपासूनचा आहे. सदर भागात ऑल सेंट्स कॅथीड्रल हे अँग्लिकनांचे, सेंट फ्रान्सिस डि सेल्स कॅथीड्रल हे कॅथलिकांचे. शहरात स्कॉटिश मिशनच्या मराठी मंडळ्या. १८८७ मध्ये कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला व १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. नगरच्या शिक्षकाचे काम १९२४ मध्ये काहीसे सोपे झाले. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ ही संस्था झाली आणि नगर व नागपूर एका छत्राखाली आले. तथापि ऑल सेंट्सचे दार त्याला अर्धेच उघडे होते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या नियमाप्रमाणे बिशपच्या हातून दृढीकरण झालेला, किंवा त्यास सिद्ध असलेला, मनुष्यच प्रभुभोजनास पात्र. आणि ज्या परंपरेत बिशपच नाहीत तिच्यातील सभासदाचे असे दृढीकरण कोठून व्हावे?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी ह्याच ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा मंडळ्या एक झाल्या. ह्या घटनेचा विचार सहसा चर्चच्या ऐक्याचा टप्पा म्हणून होतो. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर तिचे सर्वांत ठोस फळ असे, की लहानपणीचा व जाणतेपणीचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले आणि एका मंडळीचा सभासद दुसऱ्या मंडळीच्या मेजावर पाहुणा राहिला नाही. वाटेवरची सारीच ठाणी काही ह्या ऐक्यात आली नाहीत. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अखेरच्या क्षणी अंग काढून घेतले. अलायन्सच्या मंडळ्याही बाहेर राहिल्या. कॅथलिक मेजावर इतर पंथीयांना आजही, काही थोडे अपवाद वगळता, प्रवेश नाही. तरीही ज्या शहरात देशाच्या चारही दिशांच्या गाड्या थांबतात, त्या शहरात हा प्रश्न सुटावा ह्यात एक औचित्य आहे.

पंथाची अडचण अशी कमी होत असतानाच भाषेची वाढली, ही ह्या इतिहासातील विसंगती होय. लॅटिन मिस्सा सामान्य मराठी कॅथलिकाला घरीही कळत नसे. पण म्हणूनच ती गोवा, नागपूर, कोलकाता, लिस्बन, सर्वत्र सारखीच ओळखीची वाटे. कोणत्या क्षणी उठावयाचे, कोणत्या क्षणी गुडघे टेकावयाचे, घंटा केव्हा वाजणार, हे कानाला व शरीराला ठाऊक असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीसंबंधीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. मराठी मिस्सेने घरच्या माणसाला अर्थ दिला. प्रवाशाकडून ओळख काढून घेतली. हा सौदा तोट्याचा झाला असे कोणी म्हणणार नाही, पण तो सौदा होता हे विसरले जाते. नागपुरात आज इंग्रजी, हिंदी, मराठी, मलयाळम, तमिळ अशा भाषांत उपासना होतात. खेड्यातून शिकावयास आलेल्या मराठी मुलाला मराठी उपासनेची वेळ व जागा शोधून काढावी लागते. ती न सापडल्यास तो हिंदी उपासनेत बसतो, आणि हिंदी समजत असूनही प्रार्थना तोंडात येत नाही. समजण्याची भाषा आणि प्रार्थनेची भाषा ह्यांतील हे अंतर भाषाशास्त्राने अधिक बारकाईने तपासण्याजोगे आहे.

हे अंतर बुजविण्याचे दोन उपाय मराठी-कोंकणी समाजाने स्वतःच काढले. पहिला गोवेकरांचा. मुंबईत धोबी तलाव, माझगाव ह्या भागांत गोव्यातील एकेका गावाच्या नावाने ‘कूड’ म्हणजे सामाईक बिऱ्हाड असे. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत किंवा एका फेरीनंतर दुसरी मिळेपर्यंत खलाशी तेथे राही. आपली पेटी ठेवी. प्रत्येक कुडीत वेदी असे, सायंकाळी ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची सामुदायिक प्रार्थना होई व तिला राहणाऱ्यांनी यावे असा दंडक असे. गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा होई. येथे परगावच्या चर्चने प्रवाशाला सामावून घेतलेले नाही. प्रवाशांनी गावच उचलून आणलेला आहे.

दुसरा उपाय गाण्याचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या धर्मांतराची सुरुवातच प्रवासात झाली. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी शेकडो मराठी गीते रचली; अभंग, ओव्या, कीर्तनाची पदे ह्यांच्या परिचित वळणावर ती बेतलेली होती. ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहातून ती नगर, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांत पोचली. बाप्तिस्म्यावरून ज्या मंडळ्यांचे जमत नव्हते, त्याही टिळकांची गीते एकाच चालीत म्हणत. कॅथलिक प्रवाशाला जे लॅटिनने दिले, ते मराठी प्रोटेस्टंट प्रवाशाला ह्या गीतांनी दिले, आणि अर्थ न गमावता दिले. परक्या मंडळीतील मनुष्य पुस्तक न उघडता दुसरे कडवे म्हणू लागला, की शेजारचा मान वळवून पाहतो आणि उपासना संपल्यावर गाव विचारतो. पत्राचे काम तेथे झालेले असते.

अलीकडे ह्यात एक नवा प्रकार शिरला आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चर्च बंद झाली, उपासना दूरध्वनीच्या पडद्यावर आल्या, आणि नंतरही अनेक मंडळ्यांनी ती सोय चालू ठेवली. नागपुरात मुक्कामी असलेला नगरचा मनुष्य आता खोलीत बसून स्वतःच्या मंडळीची मराठी उपासना ऐकू शकतो. कॅथलिक विधानाच्या दृष्टीने ही उपस्थिती नव्हे, कारण तेथे जवळ उभे राहणे आवश्यक; प्रोटेस्टंट मंडळ्यांचा ह्याविषयीचा विचार एकसारखा नाही. लॅटिनच्या काळातील प्रवासी हजर असे, पण त्याला अर्थ कळत नसे. आजच्या प्रवाशाला प्रत्येक शब्द कळतो, पण तो हजर नसतो. मराठीत दोघांनाही ‘उपासना ऐकली’ असेच म्हणता येते.